फॉर्मवरची उभी रेघ

विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबून पाण्याकडे बघायची खोड मला लहानपणापासून आहे. आमचं घर अकोट्यात आणि शाळा नदीपलीकडे, त्यामुळे दिवसातून दोनदा पूल ओलांडावा लागे आणि दोन्ही वेळा मी कठड्याशी रेंगाळायची. पाणी मातकट, आतलं काही दिसायचं नाही. एखादी मगर वर आली तर तिचे डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या दिसत आणि मग त्याही नाहीशा होत. बाकीच्या मुली किंचाळायच्या. मला प्रश्न पडायचा, ही आत गेली म्हणजे नक्की कुठे गेली? खाली काय आहे? तिला काय दिसतं? आईला विचारलं की ती म्हणायची, "तुला काय करायचंय? चल पुढे."

मला करायचं होतं. पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी मी घरात जाहीर केलं की मला समुद्राच्या आत जाऊन बघायचंय. बोटीच्या तळाला बसवलेल्या काचेतून नाही, पाठीला सिलिंडर बांधून, आत.

घरात आम्ही दोघंच. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. जगातली सगळी आखातं आणि सामुद्रधुन्या त्यांना तोंडपाठ, पण स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेले नाहीत. पुराचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते, कारण शेजारच्या पार्किंगमध्ये मगर आल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. मगर खरंच आली होती, म्हणून मी त्यांना फार हसू शकले नाही.

"तू जा," ते म्हणाले, "मी किनाऱ्यावर बसून तुझ्या चपला सांभाळतो."

"जमणार नाही. दोघांनी जायचं. मी एकटीने बघून आले तर घरी येऊन सांगू कुणाला? ज्याने बघितलंच नाही त्याला काय कळणार?"

हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी आलं.

माझी नोकरी गोरव्यातल्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. आमच्याकडे वायू दाबून भरायच्या टाक्या बनतात. टाकीत पाणी भरायचं, दाब चढवायचा, कुठून झिरपतं का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि पास की नापास ते लिहून सही करायची. पंचवीसहून अधिक वर्षं हेच केलं. माझ्यामागे मला ‘नापासबेन’ म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. एक गोष्ट मात्र मी कधी खपवून घेतली नाही. तपासणीच्या कागदावर वीसेक मुद्दे असतात आणि प्रत्येकापुढे वेगळी खूण करायची असते. नवे इंजिनिअर काय करतात, पहिल्या मुद्द्यापुढे ‘ओके’ लिहितात आणि तिथून तळापर्यंत एक उभी रेघ ओढतात. अशी रेघ दिसली की मी त्यांच्यासमोर कागद फाडते. रेघ ओढणाऱ्याने काही बघितलेलं नसतं, हे मी त्यांना चारचौघांत ऐकवते.

तर अशा बाईने अंदमानला जायचं ठरवलं. हरणी भागातल्या एका एजंटकडे गेलो. तो म्हणाला, "बेन, तमे चिंता ना करो. डायविंग पॅकेजमां ज छे."

"कुणाकडे?"

"आपणो ज माणस छे."

आपलाच माणूस आहे, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी त्याला सांगितलं, तिकिटं आणि हॉटेल तुझं, पण पाण्यात कुणाबरोबर उतरायचं ते मी ठरवणार. मग घरी बसून मी तिथल्या दुकानांना फोन लावले. माझा पहिला प्रश्न एकच, तुमच्या सिलिंडरची शेवटची दाबचाचणी कधी झाली? एकजण हसला. एकाने, "मॅडम, रेटिंग देख लो ना ऑनलाइन," असं सांगून फोन ठेवला. नवरा शेंगा सोलत ऐकत होता. म्हणाला, "तू समुद्र बघायला चाललीस की ऑडिटला?" मी म्हटलं, ज्या हवेवर आपण दोघं जगणार आहोत ती कुठून येते हे बघायला नको का? त्यावर त्यांनी शेंगा जरा जोरात सोलल्या.

तीन महिने मी त्यांना तरणतलावावर नेलं. आधी नुसतं तोंड पाण्यात, मग कान, मग पूर्ण डोकं. ते डोळे गच्च मिटून घ्यायचे आणि वर येऊन विचारायचे, "झालं?" त्यांचं ब्लडप्रेशर, कार्डिओग्राम, छातीचा फोटो, कान, सगळं आमच्या डॉक्टरकडून करून घेतलं आणि त्याची वेगळी फाइल केली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुमचं?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! तरुणपणी एकदा आठवडाभर इस्पितळात पडले होते तेवढंच, त्यानंतर पावागढ कितीदा पायी चढले असेन. डॉक्टरही हसले आणि आम्ही घरी आलो.

बेटावर पोचलो तेव्हा माझ्या पिशवीत एक भिंग, एक टॉर्च, साबणाच्या पाण्याची छोटी बाटली आणि लीलो चेवड्याची, म्हणजे आमच्याकडच्या ओलसर चिवड्याची, दोन पाकिटं होती. पहिले दोन दिवस मी फक्त दुकानं बघायला ठेवले होते.

पहिलं दुकान अगदी किनाऱ्यावर. गाणी लावलेली, भिंतभर माशांचे आणि हसऱ्या माणसांचे फोटो. सिलिंडर बाहेर उन्हात आडवे पडलेले. सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे मान सुरू होते तिथे, आकडे कोरलेले असतात आणि त्यातच शेवटच्या चाचणीची तारीख असते. मी उकिडवी बसून भिंग लावलं. ताजा पिवळा रंग इतका जाड फासला होता की आकडे बुजून गेले होते. मी दुकानवाल्याला विचारलं, तुम्ही आत न्यायला नकार कुणाला देता? हा माझा खास प्रश्न होता, विमानात बसून काढलेला. तो हात पसरून म्हणाला, "किसी को नहीं, मॅडम! दस साल से सत्तर साल, सब जाते हैं." मी नमस्कार करून निघाले.

दुसऱ्या दुकानात सगळं चकाचक. तारखा ठीक होत्या, एसीसुद्धा होता. मी मागच्या अंगाला गेले, कारण कुठल्याही कारखान्याचं खरं तोंड मागे असतं. तिथे हवा भरायचा कॉम्प्रेसर होता आणि शेजारी डिझेलचा जनरेटर. मी कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी शोधत होते, तेवढ्यात नवरा माझ्या मागून म्हणाला, "अगं, या दिवसांत इथे वारा ईशान्येकडून असतो. म्हणजे धूर सरळ त्या नळीत." मी वळून बघितलं. दोन दिवस ते माझ्यामागे नुसते फरपटत येत होते, आणि आता कंबरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होते. मला फार बरं वाटलं. एक सिलिंडर थोडा उघडायला लावून आम्ही दोघांनी वास घेतला. किंचित तेलकट होता. दुकानवाला म्हणाला की पाण्याखाली वास कळत नाही. तेही नापास.

तिसरं दुकान आतल्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये. चाळिशीची, उन्हाने रापलेली एक बाई ते चालवत होती. सिलिंडर सावलीत उभे, साखळीने बांधलेले. मी खाली वाकायच्या आत तिने स्वतः टॉर्च आणून दिला. मी पिशवीतून साबणाचं पाणी काढलं तर म्हणाली, माझं घ्या, तुमचं प्रवासात पातळ झालं असेल. मी तिला माझा खास प्रश्न विचारला.

"इस हफ्ते चार को मना किया," ती म्हणाली. एकाला सर्दी होती, दोघं प्यायलेले होते आणि चौथा नुसता बायकोसाठी आला होता. एवढं बोलून तिने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "आप अपनी मर्ज़ी से आए हैं?"

ते चपलांकडे बघत म्हणाले, "अभी तक तो हाँ."

ती हसली आणि मीही हसले. बाहेर पडताना मी त्यांना म्हटलं, पास. इतक्या वर्षांत मी हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म भरायला बसलो. दोन पानं, आजारांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही. नवऱ्याने आपली फाइल उघडून एकेक ओळ ताडून खुणा करायला सुरुवात केली. माझं लक्ष बाहेर होतं. दोन माडांच्या मधून समुद्र दिसत होता, तळ दिसेल इतका स्वच्छ. मी पहिल्या ओळीपुढे ‘नाही’ केलं, तिथून खाली एक रेघ ओढली, सही ठोकली आणि कागद सरकवला.

बाईने कागद उचलला आणि तसाच परत माझ्यापुढे ठेवला. "ऐसे लाइन खींचकर नहीं लेती मैं. एक-एक पढ़िए."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नवऱ्याने मान वर केली, माझ्या कागदाकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ही बाई माझ्यासमोर कागद फाडत नव्हती एवढीच तिची मेहेरबानी. मी वाचायला लागले. दमा, नाही. फिट, नाही. हृदय, नाही. मग एक ओळ आली. कधी फुप्फुस आकसलं होतं का? फुप्फुसातून छातीत हवा गळली होती का?

माझं पेन तिथे थांबलं. शेजारी त्यांचंही थांबलं.

मी सव्वीस वर्षांची होते, लग्नाला एक वर्ष झालं होतं. काही कारण नसताना एका सकाळी माझ्या उजव्या फुप्फुसाला भोक पडलं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि नळीचं दुसरं टोक खाटेखाली पाण्याच्या बाटलीत सोडलं. गळती चालू आहे तोवर बाटलीत बुडबुडे येणार आणि ते थांबले की फुप्फुस सांधलं असं समजायचं. आठ दिवस ते बुडबुडे चालले. त्यानंतर आजतागायत मला काही झालं नाही. मी ते विसरले होते असं म्हणणं सोयीचं आहे, पण खोटं आहे. ते मोजण्यासारखं आहे असं मला वाटतच नव्हतं.

मी ‘हो’वर खूण केली.

बाईने मला समजावायला सुरुवात केली की खाली दाबाखालची हवा श्वासात येते, वर येताना ती फुगते आणि जिथे एकदा फाटलं आहे तिथे... मी तिला हाताने थांबवलं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दुरुस्त केलेली टाकी पुन्हा चाचणी केल्याशिवाय दाबाखाली घालायची नाही, हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. टाकीची चाचणी करता येते. माझी कशी करणार?

"सत्तावीस साल हो गए," मी म्हटलं.

"पचास भी हों, तो भी नहीं," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने माझा राग आणखी वाढला.

मी तरातरा बाहेर पडले. नवरा मागे. "कुठे?"

"पहिल्या दुकानात."

मला वाटलं होतं ते अडवतील. ते फक्त म्हणाले, "चल."

तिथे गाणी चालूच होती. दुकानवाल्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, तसाच फॉर्म पुढे ठेवला आणि मी वाचायला लागले तर म्हणाला, "बस साइन कर दीजिए मॅडम, सब में नो होता है." एवढं बोलून त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढून दिली. सहीची जागा तेवढी उरली होती. समुद्र वीस पावलांवर होता. माझं मन इतकं ओढ घेत होतं की खरं सांगते, मी पेन परत हातात घेतलं होतं.

नवरा एका सिलिंडरपाशी उकिडवा बसला होता. माझं भिंग त्यांच्या हातात होतं आणि अंगठ्याच्या नखाने ते खांद्यावरचा पिवळा रंग खरवडत होते. मला काही सांगत नव्हते. तारीख शोधत होते.

"दिसतेय का?" मी विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "पण अजून बघतो ने."

मी पेन खाली ठेवलं. फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकली आणि किनाऱ्यावर जाऊन रडले. चांगली हमसून रडले, लोक बघत होते तरी. कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं. सगळ्या बेटावरून मी स्वतः निवडून काढलेल्या बाईने मला नापास केलं होतं आणि तिचं काही चुकलं नव्हतं. ते शेजारी बसून चेवड्याचं पाकीट फोडायचा प्रयत्न करत होते. ते फुटेना. मग ते बाजूला ठेवून म्हणाले, "मी जातो."

"कुठे?"

"आत. तुला काय काय बघायचंय ते लिहून दे. मी बघून येतो."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पर्समधून तो फॉर्म काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहिले. पुलावरचे जुने प्रश्न आणि काही नवे. नऊ झाले. त्यांनी ते भूगोलाच्या पेपरसारखे दोनदा वाचून पाठ केले.

तिसऱ्या दुकानात बाईने त्यांना पुन्हा विचारलं, "अपनी मर्ज़ी से?"

"कल नहीं थी," ते म्हणाले. "आज है."

तिने त्यांचा फॉर्म फाइलशी ओळ न् ओळ ताडून बघितला. मग कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्याकडून तासभर सराव करून घेतला. पाणी मास्कमधून काढायचं, कान मोकळे करायचे, अंगठा वर केला की त्याचा अर्थ छान नव्हे तर वर चला. थोडी जरी भीती वाटली तरी अंगठा, हे तिने चारदा बजावलं. मग ती त्यांचा दंड धरून आत घेऊन गेली आणि त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं. डोळे उघडे होते. ते मी बघितलं.

मी गुडघाभर पाण्यात उभी होते. त्यांच्यामागोमाग मला फक्त बुडबुडे दिसत होते. दोन झुबके वर येत होते, एक संथ आणि एक घाईघाईचा. घाईचा कुणाचा हे सांगायला नको. हळूहळू तोही संथ झाला आणि दोन्ही दूर सरकत गेले. मी दुसरीकडे कुठेच बघत नव्हते. एकदा लाटेवर ऊन चमकलं आणि काहीच दिसेना. मी दोन पावलं आत गेले, साडी मांडीपर्यंत भिजली. मग पुन्हा दिसले, दोन झुबके, जरा डावीकडे. मी मोठ्याने ‘आहेत’ म्हणाले. कुणाला म्हणाले, कुणास ठाऊक.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. मास्कचा वळ कपाळावर उमटलेला, केस निथळत. वाळूवर बसले आणि टॉवेलसुद्धा न घेता सांगायला लागले. पाणी वरून निळं दिसतं, पण आत हिरवट आहे. हातातला लाल दोरा खाली गेल्यावर तपकिरी दिसायला लागला. मासे बघतात का? हो, बघतात आणि मग दुर्लक्ष करतात, शेवटच्या तासाच्या वर्गासारखे. तळाला काय आहे? तळ उतरता आहे, खाली आणखी खाली आहे आणि पुढे काही दिसत नाही. प्रवाळ दगडासारखं की झाडासारखं? ते म्हणाले, अजून ठरलं नाही. एकेक उत्तर ते अगदी क्रमाने देत होते. मी मध्ये मध्ये विचारत होते, म्हणजे कसं? म्हणजे किती? आणि ते न कंटाळता पुन्हा सांगत होते.

"आणि आवाज?" हा नववा प्रश्न होता.

त्यांनी हातातली वाळू झटकली.

"बाटलीचा," ते म्हणाले. "तुझ्या खाटेखालच्या. अगदी तोच, कानाशी."

माझा हात आपोआप उजव्या बरगड्यांवर गेला.

"तेव्हा आठ दिवस रोज बसून म्हणत होतो, थांबू देत हे बुडबुडे. आज आत तोच आवाज आला. आधी अंगठा वर करणार होतो. मग म्हटलं, चालू देत थोडा वेळ, तिचे प्रश्न अजून राहिलेत."

मी तो फॉर्म मांडीवर पसरला, उभ्या रेघेची बाजू खाली घातली आणि नऊ प्रश्नांपुढे खुणा केल्या. प्रत्येकापुढे वेगळी.